कोठीतली हार्ड डिस्क

६ एप्रिल

कोठी रिकामी झाली एकदाची! नवे गहू भरायचे म्हणून आईने सकाळपासून जुंपलं. जुने गहू पोत्यात, पोती ओसरीवर, मग मी कोठीत अर्धा वाकून तळ झाडला. नाकातोंडात भुसा. तळाशी माझं पुडकं तसंच — दोन पिशव्या, वर चिकटपट्टी, त्यावर पेनाने 'रवी. हात लावू नये.'

आत हार्ड डिस्क. आमच्या वाशीमकडच्या मालेगावात प्लेस्टेशनचं पार्लर चालवायचो तेव्हाची. पोरांच्या हातात डिस्क गेली की ओरखडा ठरलेला, म्हणून प्रत्येक गेमची जशीच्या तशी प्रत — इमेज म्हणतात — कॉम्प्युटरवर काढून ठेवायचो. एक संच दुकानात, एक घरी. मग एकदा दुकान फोडलं कोणीतरी, तेव्हापासून घरचा संच गव्हाच्या कोठीत. चोर गहू उपसत बसत नाही. ओल नाही, उंदीर नाही. फार हुशारी वाटली होती तेव्हा. दरवर्षी नवे गहू भरताना आई पुडकं काढायची, पदराने पुसायची आणि परत तळाशी ठेवायची.

पोरं मोबाइलवर खेळायला लागली आणि पार्लर बसलं. आता त्याच गाळ्यात झेरॉक्स, सातबारा, पीकविम्याचे फॉर्म. त्या गेमचं मला काही पडलेलं नाही. एकच हवा आहे. दादाचा क्रिकेटवाला.

दादाच्या साक्षीला सांगितलं, सापडली! "काका, आजच लावा ना!" वायर दुकानात आहे. उद्या.

७ एप्रिल

लागली नाही.

दिवासुद्धा लागत नाही. वायर बदलली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. हातात धरली तर आत काही फिरतही नाही. मेलेली.

संध्याकाळी साक्षी दारातच उभी. खोटं बोललो — वायर मिळाली नाही.

८ एप्रिल

पोरीचं काही चुकत नाही. होळीच्या टुर्नामेंटला गेली होती मैत्रिणींसोबत, तिथे कोण्या म्हाताऱ्याने तिला सांगितलं, "तू जगदेवची पोरगी? तुह्या बापाचा आवाज ऐकाले लोक केनवडहून सायकलीनं येत." घरी येऊन विचारते, बाबाचा आवाज कसा होता?

कसा होता! आता काय सांगणार? आवाज सांगता येतो का?

टेनिस बॉलच्या मॅचेस — शिरपूर, मालेगाव, केनवड, कुठेही असोत, माइकवर जगदेवदादा. बॅटिंग करणाऱ्याच्या सासुरवाडीपासून बैलजोडीपर्यंत सगळं त्याच्या कॉमेंट्रीत. २०१० च्या उन्हाळ्यात मी त्याला घरात बसवलं, दोघांच्या अंगावर वाकळी घेतल्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. घामाने भिजलो. गेममधली इंग्रजी कॉमेंट्री काढून दादाची घातली. चौका गेला की "बॉल गेला पऱ्हाटीत! आता शोधा!" — आमच्या मैदानाला लागून कपाशीच. आउट झाला की "चाल बापू, घरी माय वाट पाहून राह्यली!" पार्लरवर पोरं रांग लावायची. खेळायला नाही, ऐकायला!

दोन वर्षांनी गळ्याचं ऑपरेशन. तंबाखू-सुपारीचा खर्रा. आवाजाची पेटीच काढली. साक्षी तेव्हा नीट बोलतही नव्हती. आमचे फोन साधे. दादाच्या लग्नाच्या सीडीत नुसता बँड.

जूनमध्ये साक्षी अकरावीला अकोल्याला जाते, होस्टेलवर. जाण्याआधी एकदा ऐकवा म्हणाली. मी हो म्हणून बसलो. कोठीत आहे म्हणालो, जशी तिजोरीत असावी!

१० एप्रिल

ऊन. लाइट तीनदा गेली. गिऱ्हाइकाचा अंगठा मशीनवर उमटत नाही, शिव्या मला.

दादा रोजच्यासारखा माझ्या गाडीवर मागे बसून दुकानात. गळ्याला पांढरा रुमाल, प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो आणि पेपर माझ्यापुढे सरकवतो. वाच! डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत त्याचे. एक मथळा वाचला की बोटाने पुढचा दाखवतो. बाजारभावसुद्धा! तुरीचा भाव त्याला तोंडपाठ असतो तरी मी वाचायचा. आज दोन ओळी पुटपुटल्या आणि पेपर घडी घालून ठेवला. दादाने दोन्ही हात आडवे पसरले.

त्याची भाषा अंपायरची आहे. हात आडवे, वाइड — म्हणजे चुकलास. दोन्ही हात वर, सिक्सर — जेवण झकास. एक बोट वर — नको. हवेत चौकट काढली की थर्ड अंपायर, म्हणजे आईला विचार. गळ्याला लावून बोलायचं यंत्र आणलं होतं सुरुवातीला. एकदाच लावलं. डब्यात भुंगा अडकल्यासारखा आवाज. साक्षी भिऊन रडली. तेव्हापासून ते कपाटात.

आणि दुपारी आईचा फोन. रोजचाच. "काई नाई, जेवला का?" डबा तिनेच भरलेला! "गिऱ्हाईक हाय का?" "कोन हाय? सांग ना." कामाच्या घाईत हे कोणाला सुचतं? ठेव म्हणालो. जोरात बोललो जरा.

वहिनीचं उलटं. ती माझ्याशी फोनवर बोलतच नाही. मी हॅलो म्हटलं की फोन साक्षीच्या हातात. दादाला खर्रा मीच आणून द्यायचो हे तिच्या मनात असेल. असू दे.

१२ एप्रिल

वाशीमला गेलो होतो डिस्क घेऊन. रिपेअरवाल्याने उघडली. हिरवी प्लेट काळी पडलेली, तांब्याच्या रेषा खाल्ल्यासारख्या. मला म्हणाला, "हे कुठे ठेवली होती भाऊ? काई औषधात?"

गव्हात, म्हणालो.

"गव्हात गोळ्या टाकता?"

टाकतो ना. किडा लागू नये म्हणून आई दरवर्षी फडक्यात बांधून टाकते त्या गोळ्या. सगळेच टाकतात.

"त्याचा गॅस तांबं खाते. पिशवीतूनही जाते तो. आतपर्यंत गेला हाय."

काहीच निघणार नाही का विचारलं. मान हलवली. चहा पाजला बिचाऱ्याने.

परतीच्या एसटीत डोकं दुखत होतं. किड्यापासून गहू वाचवायचे म्हणून गोळ्या, चोरापासून डिस्क वाचवायची म्हणून गहू. सगळं वाचवता वाचवता हे!

१३ एप्रिल

आईने विचारलं, "काहून खराब झाली ते?"

जुनी झाली होती, म्हणालो.

"मी तं दरसाल पुसून ठेवली."

हो. तुझ्यामुळेच इतकी टिकली, म्हणालो. समाधान वाटलं तिला. नवे गहू भरून झालेत. गोळ्यांची फडकी बांधून ठेवलीत कोनाड्यात. मी उचलून कोठीत टाकली, तिला वाकायला लागू नये म्हणून.

१५ एप्रिल

दुकानातला संच? दुकानाचा कॉम्प्युटर वीज पडली तेव्हा जळाला, भंगारात दिला. डीव्हीडीवर लिहिलेल्या होत्या काही — टिनाखाली एका उन्हाळ्यात चिकटून लाडू झाला त्यांचा.

दोन ठिकाणी ठेवलं की सुरक्षित म्हणतात. काय सुरक्षित!

साक्षीला खरं सांगितलं. गोळ्यांचं नाही, बाकीचं. ती म्हणाली, "जाऊ द्या काका." असं शहाण्यासारखं बोलली की मला रडूच आलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१६ एप्रिल

धरमसिंग!

अंघोळ करताना आठवलं. केनवडजवळच्या तांड्यावरचा धरमसिंग. त्यानेही पार्लर काढलं होतं. दादाचा गेम एक दिवसासाठी म्हणून नेला आणि गुपचूप कॉपी काढली! वर सुरुवातीच्या चित्रात स्वतःचा गॉगलवाला फोटो टाकला! मी शिरपूरच्या बसस्टँडवर सगळ्यांसमोर त्याला चोर म्हणालो, कॉलर धरली. त्यानंतर बोलणं नाही.

मीही बाजारातल्या डिस्कच्या कॉप्याच चालवायचो म्हणा. पण ते वेगळं. तो आवाज घरचा होता.

जायचं का? कोणत्या तोंडाने?

१९ एप्रिल

गेलो. धरमसिंग ऊसतोडीवर आहे, टोळी घेऊन गेलाय, अजून परतला नाही. त्याची आई धुरपताबाई घरी. शिरपूरचा रविकांत म्हटल्यावर ओळखलं तिने. पाणी दिलं, बसा म्हणाली नाही.

गेमच्या डिस्क आहेत का विचारलं.

"त्या चकत्या? हाय ना!" मला घराच्या मागे घेऊन गेली. वांग्याच्या वाफ्यावर दोरी बांधलेली, दोरीला डिस्कच डिस्क. वाऱ्याने गरगर फिरतात, ऊन चमकतं. "पाखरं येत नाईत," म्हणाली.

एकेक हातात घेऊन पाहिली. उन्हाने रंग उडून आरपार दिसतंय. धुरपताबाई म्हणाली, "लागत असन तं घेऊन जा. मी दुसऱ्या बांधन."

राहू द्या, म्हणालो. पाखरांपुरत्या तरी कामाच्या आहेत.

तो आला की निरोप द्या एवढं सांगून निघालो. गाडीला किक बसेना.

२३ एप्रिल

काही नाही. फॉर्म भरतोय. लिहायचा कंटाळा.

२६ एप्रिल

आईचा फोन आला तेव्हा तीन माणसं रांगेत. उचललाच नाही. घरी गेल्यावर काही बोलली नाही, पण ताटात वाढताना पोळी मोजून टाकली.

२९ एप्रिल

धरमसिंग आला. मी पुन्हा गेलो. दादाही गाडीवर बसला, ऐकेना.

धरमसिंग खाटेवर. केस पिकले त्याचे, हातावर पाचटाचे ओरखडे. मला पाहून उठला नाही.

"चोर पाह्यले आले का?"

मी गाडी स्टँडवर लावली.

"तुमी मले बसस्टँडवर चोर म्हनलं. समद्या गावासमोर. माही माय बाजारात होती त्या दिवशी."

"व्हय, म्हनलो."

"अन् आता?"

"आता वाटते, तू चांगली चोरी केली असशील तं बरं."

हसला नाही. पण मागे दादाला पाहिलं त्याने, रुमाल पाहिला, आणि ताडकन उभा राहिला. खाट झटकून दिली. "बसा जगदेवभाऊ." मग मला हळूच, "अजून बोलत नाई?"

आता बोलणारच नाही, सांगितलं. साक्षीचं सांगितलं. गोळ्यांचंही सांगितलं — त्यालाच पहिल्यांदा.

तो म्हणाला, "आमी फडात मोळ्या गाडीत फेकतो ना, तवा मी जगदेवभाऊचीच कॉमेंट्री करतो. कोन्या पोट्ट्याची मोळी खाली पडली का म्हंतो — बॉल गेला पऱ्हाटीत, आता शोधा! समदी टोळी हासते. सांगलीकडच्या लोकायले समजत नाई, तरी हासते."

दादाने दोन्ही हात वर केले. सिक्सर! धरमसिंगचे डोळे भरले. माझेही. काय करता!

३० एप्रिल

डिस्क सगळ्या वाफ्यावर. पण डबा आहे म्हणाला, प्लेस्टेशनचा, माळ्यावर. बंद पडलाय, म्हणून कोणी घेतला नाही. आज स्वतः दुकानात घेऊन आला, पोत्यात बांधून.

लाइट दिली, काही नाही. पालथा केला, झुरळं निघाली. मी झाकण उघडलं सहज —

आत डिस्क!

शेवटी खेळलेला गेम काढलाच नव्हता कोणी. काळोखात राहिली इतकी वर्षं, ना ऊन ना गॅस. वर मार्करने वाकड्या अक्षरात 'क्रिकेट धरम'. म्हणे, "पार्लर बंद कराच्या दिवशी पोट्टे हेच खेळले असन. दुसरं लावूच देत नव्हते."

हात लावायची भीती वाटतेय मला.

३ मे

डिस्क वाचायला लावली आहे. आधी नुसती इमेज काढायची, चालवून पाहायची नाही. एकदा फिरता फिरता डिस्क गेली तर संपलं. कॉम्प्युटर एका जागी अडकतो, घरघरतो, पुढे सरकतो. मध्येच लाइट जाते. पुन्हा पहिल्यापासून.

दादा खुर्ची ओढून टक लावून बसतो. पेपर उघडला नाही आज त्याने.

७ मे

निघाली! सगळी नाही, शेवटाकडचा भाग वाचता येत नाही. पण उघडते. पहिल्याच चित्रात धरमसिंग, गॉगल लावून! इतका हसलो. मग आवाज बंद करून थोडं पुढे नेलं. तिसऱ्या ओव्हरनंतर अडकतं, पुढे जात नाही.

तीन ओव्हर. चालेल.

आवाज मी ऐकला नाही. सगळ्यांसोबत ऐकायचा, रविवारी.

८ मे

कॉप्या केल्या. एक दुकानात, एक साक्षीच्या पेनड्राइव्हवर, एक इंटरनेटवर, एक वहिनीच्या कपाटात साड्यांखाली. कोठीत नाही! आणि एक धरमसिंगकडे. पेनड्राइव्ह हातावर ठेवला तर म्हणाला, "चोराजवळ ठेवता?" म्हटलं, तुझ्याजवळच टिकलं होतं.

आई विचारत होती, माझ्या कोठीत काहून नाही ठेवत. जागा नाही म्हणालो.

११ मे, रविवार

ऐकलं.

कॉम्प्युटर घरी आणला, ओसरीवर लावला. आई भिंतीला टेकून, वहिनी चौकटीत, दादा खाली सतरंजीवर, साक्षी माझ्या शेजारी. पहिला बॉल. आणि दादा बोलला —

"राम राम मंडळी! शिरपूरच्या मैदानावर आज ऊन असं हाय का बॉलरच्या आधी बॉलले घाम फुटला!"

तोच! वाकळीत बसलेला, घामेजलेला, हसू दाबणारा माझा दादा. चौका गेला, पऱ्हाटीत. दादा सतरंजीवर ओठ हलवत होता, एकही शब्द चुकला नाही. दोघांचं बरोबर चाललं होतं.

तिसरी ओव्हर संपली, चित्र थांबलं.

मला वाटलं होतं, साक्षी उड्या मारेल. कोणी काही बोलेचना! वहिनी डोळ्याला पदर लावून आत गेली. आई माझ्याकडे पाहत होती, कॉम्प्युटरकडे नाही. साक्षी कधी दादाकडे, कधी माझ्याकडे. मी विचारलं, "काय गं, आवडला नाही का?" तर नुसती मान हलवली आणि बापाजवळ जाऊन बसली.

एवढी धडपड केली. काहीतरी चुकलं का? तिला काही वेगळाच आवाज वाटत होता का मनात? फार थकलो. झोपतो.

१२ मे

सकाळी गाडी काढताना साक्षी जवळ आली. "काका, राग नका मानू. मले कालचा आवाज नवा वाटलाच नाई. तो तं तुमचा हाय."

वेडी आहेस का, म्हणालो. दादाचा आहे तो!

"बाबाचाच हाय. पण तसाच तुमी बोलता. मी तं रोजच ऐकते."

मी आईकडे पाहिलं. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग दुपारचा फोन काहून करत असन मी तुले?"

दुकानात पोचलो. शटर उघडलं. दादा खुर्चीत बसला, रुमाल नीट केला, पेपर माझ्यापुढे सरकवला. मी पहिल्या पानापासून वाचायला घेतला. मोठ्याने. बाजारभावासकट.